एका वॉर्डाएवढ्या बेटांवर अपक्ष उभं राहायचं तर

माझी भाची ऑर्कनीत राहते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे समुद्रात विखुरलेली सत्तरेक बेटं आहेत, त्यांतल्या वीसेक बेटांवर माणसं राहतात. तिथल्या एका छोट्या बेटावर ती नर्स आहे. गेल्या दिवाळीत फोनवर चकल्या का बिघडल्या याचं बोलणं चाललं होतं, आणि मध्येच ती म्हणाली, "मामा, इथे लोक मला म्हणतायत की कौन्सिलला उभी राहा. २०२७ मध्ये निवडणूक आहे. तू उभा राहिला होतास ना? कसं असतं ते?"

उभा राहिलो होतो हे खरं. बऱ्याच वर्षांपूर्वी, इथे इंदूरात, रामबागेकडच्या वॉर्डातून, पार्षदकीला, अपक्ष. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: तुमचा नगरसेवक तो आमचा पार्षद. अपक्षाला बाहेर निर्दलीय म्हणतात, घरात अपक्षच.) चिन्ह मिळालं शिलाई मशीन. मतं पडली दोनशेच्या आत. जमानत गेली. पुढे वर्षभर चौकातली पोरं मला बघून "भिया, एक पायजमा शिवून द्या ना" म्हणायची. तेव्हा या विषयातला माझा अनुभव म्हणजे पडायचा अनुभव, आणि तोही दुसऱ्याच पद्धतीच्या निवडणुकीत. तरी मामा म्हणून काहीतरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की माझ्या पराभवाचं कारण मी इतकी वर्षं चुकीचं समजत होतो.

आधी आकार बघा. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे ऑर्कनीची लोकसंख्या बावीस हजारांच्या जरा आत आहे. इंदूर नगर निगमात ८५ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेतली शहराची साडेएकोणीस लाखांवरची संख्या त्यांत वाटली तर एका वॉर्डाला तेवीस हजार माणसं येतात, आणि त्यानंतर शहर किती फुगलंय ते बायपासच्या पलीकडे जाऊन बघा. म्हणजे आमचा एक पार्षद जेवढ्या लोकांसाठी, तेवढ्या लोकांसाठी तिथे अख्खी कौन्सिल आणि तिचे २१ सदस्य. हजार माणसांमागे एक. हजार माणसांत उमेदवाराची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याची बोट कुठे बांधलेली असते, तो उधारी बुडवतो का, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात स्वतः नेतो की शेजाऱ्याला सांगतो, हे सगळं लोकांना आधीच माहीत असतं. पक्षाचं चिन्ह मुळात कशासाठी लागतं? अनोळखी माणसाला मत देताना हातात काहीतरी खूण हवी म्हणून. जिथे माणूसच ओळखीचा, तिथे त्या खुणेची गरज निम्मी संपते.

आणि खरंच तसं झालंय. ५ मे २०२२ ला झालेल्या निवडणुकीत ऑर्कनीच्या २१ जागांपैकी १९ जागा अपक्षांनी जिंकल्या. उरलेल्या दोन ग्रीन पक्षाच्या. त्याच वर्षी आमच्या निगमाची निवडणूक झाली, तिच्यात ८५ पैकी अपक्ष किती आले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. शेजारच्या शेटलंड बेटांच्या कौन्सिलमध्येही अपक्षांचंच राज्य असतं.

यावर कुणी म्हणेल, तिथल्या लोकांना पक्षांचं वावडं असेल. अजिबात नाही. संसदेच्या निवडणुकीत ऑर्कनी आणि शेटलंड मिळून एक मतदारसंघ आहे, आणि १९५० पासून तो लिबरल पक्षाकडे, म्हणजे आताच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे आहे. एवढी वर्षं सलग एका पक्षाला धरून राहणारे मतदार कौन्सिलच्या वेळी मात्र पक्ष बाजूला ठेवतात. लंडनला कोण पाठवायचं हा एक प्रश्न, आणि मंगळवारची बोट का सुटली नाही हे कुणाला विचारायचं हा दुसरा.

बोटीवरून आठवलं, ही कौन्सिल करते काय ते सांगितलं पाहिजे. शाळा, रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल, घरं, बांधकामाच्या परवानग्या, हे तर आलंच. शिवाय बंदरं तिच्याकडे आणि बेटांमधल्या फेरीबोटींची कंपनीही तिचीच. आपल्याकडे निगम, जिल्हा परिषद आणि थोडंफार परिवहन खातं एकत्र केलं तर जे होईल ते. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या तीन बेटसमूहांना अशी सर्वाधिकारी कौन्सिलं मिळाली: ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं. ऑर्कनीच्या बोटी जुन्या झाल्यात आणि नव्यांसाठी पैसा कुठून आणायचा हा तिथला कायमचा वाद. भाचीच्या बेटावर वारा सुटला की बोट बंद, बोट बंद की दुकानात दूध-ब्रेड नाही. आठ-नऊ जणांचं एक इवलंसं विमान जातं-येतं, पण त्यातून गॅसच्या टाक्या थोड्याच येणार? याच विमानसेवेत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे, वारा बरा असेल तर दोन मिनिटांच्या आत. राजवाड्याहून रामबागेत यायला मला याहून जास्त वेळ लागतो, आणि संध्याकाळी तर विचारूच नका.

आता उभं राहायचं कसं. हा भाग तिथे इतका साधा आहे की पटकन उरकतो. वय अठरा पूर्ण हवं. (मत द्यायला सोळाच पुरतात.) त्या कौन्सिलच्या मतदारयादीत नाव हवं, किंवा वर्षभर तिथे राहणं वा काम असायला हवं. नागरिकत्वाच्या बाबतीत आपल्या लोकांसाठी एक गंमत आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेला माणूस तिथे कायदेशीर राहत असेल तर मत देऊ शकतो, आणि उभाही राहू शकतो. (पूर्वी उभं राहायला कायमच्या वास्तव्याची परवानगी लागायची.) भाचीकडे ती परवानगीही आहे. इंग्रज माणूस इंदूरात येऊन पार्षदकीचा अर्ज भरतोय असं डोळ्यांसमोर आणून बघा.

अर्ज काही पानांचा. अनामत रक्कम नाही. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एक पैसाही भरावा लागत नाही. ढीगभर सूचकही लागत नाहीत, संमतीच्या सहीला एक साक्षीदार पुरतो. नावापुढे एकच शब्द लिहिता येतो, 'अपक्ष'. तोही नको असेल तर जागा कोरी. 'बोटींसाठी अपक्ष' किंवा 'शेतकऱ्यांचा उमेदवार' असलं काही चालत नाही. चिन्ह फक्त पक्षांना, अपक्षाला नाही. माझं शिलाई मशीन तिथे मिळालंच नसतं.

मतपत्रिकेवरचा क्रम ही तर बघण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर असतात, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि सगळ्यात खाली अपक्ष. अपक्ष म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यातला प्रवासी, प्लॅटफॉर्म संपल्यावर उतरणारा. तिथे सगळ्यांची नावं आडनावाच्या अकारविल्हेने, पक्षवाला असो की नसो. त्यात वेगळाच अन्याय आहे म्हणा. आडनाव वरच्या अक्षराचं असलं की थोडी जास्त मतं पडतात असं तिथल्या निकालांत दिसलेलं आहे. म्हणजे आगाशे सुखी आणि यादीच्या तळाचे वाघमारे दुःखी.

इथवर सोपं. खरी गोष्ट यापुढे आहे, आणि ती समजल्याशिवाय अपक्ष तिथे का टिकतो ते कळत नाही.

आपण मत देतो म्हणजे एक बटण दाबतो. ज्याची बटणं जास्त दाबली गेली तो आला. स्कॉटलंडच्या कौन्सिलांत २००७ पासून असं नाही. तिथे एका वॉर्डातून सहसा तीन किंवा चार सदस्य निवडले जातात आणि मतदार नावांपुढे आकडे लिहितो: १, २, ३, जितके लिहावेसे वाटतील तितके. एकच लिहून थांबला तरी चालतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला 'एकल संक्रमणीय मतदान' असं दातांत अडकणारं नाव आहे. आपण पसंतीचं मत म्हणू. राज्यसभा याच पद्धतीने निवडली जाते, महाराष्ट्रातल्या पदवीधर मतदारसंघाचे मतदारही असेच आकडे लिहितात.

मोजणी कशी होते ते आमच्या सोसायटीवर बसवून सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या समितीसाठी दर वर्षी हात वर करायला लावतात आणि दर वर्षी भांडणं होतात. समजा हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या घेतल्या. तीन जागा, पाच उमेदवार, ११६ चिठ्ठ्या.

पहिल्यांदा ठरवायचं, निवडून यायला किती मतं लागतील. जागा तीन, त्यात एक मिळवून चार. ११६ ला चाराने भागलं की २९, त्यात एक मिळवायचा: ३०. हा झाला कोटा. चार माणसांना प्रत्येकी तीस मतं मिळायची तर १२० चिठ्ठ्या लागतील, तेवढ्या नाहीतच. तेव्हा तीस गाठणारे तीनच असू शकतात. एवढाच त्यामागचा हिशेब.

आता पहिल्या पसंतीची मतं मोजली. बर्वे काकू ४०, गुप्ताजी २८, शिंदे २०, जोशी वकील १७ आणि पवार सर ११. आपल्या नेहमीच्या पद्धतीने वरचे तिघे निवडून आले असते आणि पवार सर तळाला राहिले असते, माझ्यासारखे.

पण थांबा. काकूंना तीसच पुरत होती, मिळाली चाळीस. ती दहा जास्तीची मतं वाया का घालवायची? ज्यांनी काकूंना मत दिलं त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर कुणाला लिहिलंय ते बघायचं. मात्र चाळीसपैकी कुठल्या दहा चिठ्ठ्या उचलायच्या? वरच्या दहा घेतल्या तर खालचे ओरडतील. म्हणून चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या पुढे पाठवायच्या, पण प्रत्येकीची किंमत पाव मत धरायची. चाळीस पाव म्हणजे दहा. पोह्यांची एक भरलेली प्लेट चौघांत वाटून घेण्यासारखं: घास सगळ्यांना, पोहे तेवढेच. (सगळ्यांना शेवही मिळाली पाहिजे, नाहीतर इंदूरात भांडण.)

त्या चाळीस चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती पवार सरांना २८, गुप्ताजींना ८, शिंद्यांना ४. पाव किमतीने सरांना ७ मिळाली, ते झाले १८. गुप्ताजींना २ मिळाली, ते बरोबर ३० झाले आणि निवडून आले. शिंदे १ मिळून २१ वर. जोशी वकील होते तिथेच, १७.

आता कोटा गाठलेलं नवीन कुणी नाही आणि वाटायला जास्तीची मतंही नाहीत. मग तळाचा माणूस बाद करायचा. तो कोण? सर आता तळाला नाहीत, वकीलसाहेब आहेत. त्यांच्या १७ चिठ्ठ्या उघडून पुढचं नाव बघायचं, जे आधीच निवडून आलेत त्यांची नावं ओलांडून. या चिठ्ठ्या मात्र पूर्ण किमतीने जातात, कारण वकिलांच्या कामी त्यांतलं काहीच आलं नव्हतं. बारा निघाल्या सरांच्या, तीन शिंद्यांच्या, दोघांनी पुढे काही लिहिलंच नव्हतं. पवार सर ३०. शिंदे २४. सर निवडून आले.

शेवटून पहिला आलेला माणूस समितीत, आणि वीस मतंवाला बाहेर. शिंदे म्हणतील, अन्याय झाला. पण चिठ्ठ्या काय सांगतात बघा. शिंद्यांचे वीस जण पक्के होते, त्यांच्याबाहेर त्यांना विचारणारे फार कमी. सर फार थोड्यांचे पहिले होते, पण काकूंच्या आणि वकिलांच्या बहुतेक लोकांना ते चालत होते. गणपतीची वर्गणी कुणाकडे द्यावी हा प्रश्न असेल तर मीही सरांचंच नाव घेईन.

तिथली मोजणी यंत्रं करतात, दशांशाच्या पुढच्या बऱ्याच घरांपर्यंत. मोजणीच्या हॉलमध्ये आकडे पडद्यावर येतात. तत्त्व मात्र आमच्या सोसायटीतलंच.

आता या पद्धतीत अपक्षाने प्रचार कसा करायचा ते आपोआप दिसतं. मी उभा होतो तेव्हा ज्या घरावर दुसऱ्याचा झेंडा, त्या घराची पायरी चढायचीच नाही, हा नियम होता. वेळ फुकट, वर अपमान. तिथे नेमकं उलट. झेंडा असलेल्या घरीच आधी जायचं आणि म्हणायचं, पहिलं मत तुमच्या माणसाला खुशाल द्या, दुसरं मला द्या. समोरच्याला काही सोडावं लागत नाही, म्हणून तो ऐकून घेतो. आणि ज्याच्या समर्थकांकडे दुसरं मत मागायचं त्याला भरसभेत शिव्या घालता येत नाहीत. प्रचार सभ्य राहतो तो माणसं सभ्य आहेत म्हणूनच असं नाही. असभ्यपणा परवडत नाही.

भाचीने २०२२ ची एक सभा सांगितली ती इथे द्यायलाच हवी. गावातला हॉल, बाहेर वारा, आत तीसेक माणसं अंगात कोट ठेवूनच बसलेली. उमेदवार एका रांगेत खुर्च्यांवर. घरून केलेले केक आणि किटलीतला चहा मध्ये टेबलावर. एका बाईंनी प्रश्न विचारला: शाळेतल्या मुलांना दात दाखवायला मोठ्या बेटावर न्यायचं तर परतीची बोट कोणती? पहिला उमेदवार धोरणावर बोलला. दुसऱ्याने खिशातून वेळापत्रक काढलं, चष्मा लावला आणि म्हणाला, "नाहीये. मुक्काम करावा लागतो. मागच्या महिन्यात मी केला." भाचीने त्याला दुसरी पसंती दिली. पहिली आपल्याच बेटावरच्या उमेदवाराला, ते ठरलेलंच होतं.

याच ठिकाणी या पद्धतीचं खरं कोडंही आहे. तिथला 'नॉर्थ आयल्स' वॉर्ड म्हणजे वेस्ट्रे, सॅन्डे, स्ट्रॉन्से, ईडे, शॅपिन्से अशी दहाएक बेटं, आणि सदस्य तीन. प्रत्येक बेटाला आपला माणूस हवा, पण बेटं दहा आणि खुर्च्या तीन. म्हणून एकट्या आपल्या बेटाच्या जिवावर कोटा गाठणं कठीण. दुसऱ्या बेटांवर जाऊन दुसरी पसंती मागावीच लागते, आणि जायचं तर बोटीचं वेळापत्रक सांभाळून. स्कॉटलंडने २०१८ मध्ये बेटांसाठी वेगळा कायदा केला, त्यात वस्तीच्या बेटांसाठी एक किंवा दोन सदस्यांचे छोटे वॉर्ड करायची मुभा ठेवली. मात्र वॉर्ड लहान केला की जागा कमी होतात, जागा कमी झाल्या की कोटा वाढतो, आणि आमच्या पवार सरांसारख्यांची वाट अरुंद होते.

एकच जागा असली की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे, समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरींच्या मतांचं मूल्य ४,०१,५१५, रेड्डींचं ३,१३,५४८, देशमुखांचं १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. कुणीच पोचलं नाही. मग खालचे एकेक बाद होत गेले, देशमुखही, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीने निकाल हलायला लागला. ती बहुतेक रेड्डींकडे गेली, इतकी की रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले. गिरी ४,२०,०७७ वर थांबले. एक अपक्ष राष्ट्रपती भवनात गेला तो इतक्या थोड्या फरकाने. रेड्डींना आणखी थोड्या जणांनी दुसरी पसंती लिहिली असती तर इतिहास वेगळा झाला असता. माझे वडील तेव्हा देशमुखांच्या बाजूचे होते. मराठी माणूस म्हणून, दुसरं काही कारण नाही.

हे सगळं वाचून तिकडे रामराज्य आहे असं वाटायला लागलं असेल तर थोडं पाणी ओततो.

पहिलं म्हणजे 'अपक्ष' हा शब्द तिथेही नेहमी धुतल्या तांदळाचा नसतो. आमच्या महू, सांवेर, देपालपूरकडे सरपंचाची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका कायद्याने पक्षविरहितच आहेत. पण कोण कुणाचा ते दारात कुणाची जीप उभी आहे यावरून शेंबड्या पोरालाही कळतं. बेटांवरही काही अपक्षांचा कल कुठे आहे ते शेजाऱ्यांना माहीत असतं. फरक एवढाच की निवडून आल्यावर व्हिप काढणारं कुणी नसतं.

व्हिप नाही याचा दुसरा अर्थ, पकडायलाही कुणी नाही. एकोणीस अपक्ष म्हणजे एकोणीस पक्ष. नेता कोण, कुठल्या समितीवर कोण, हे सदस्यच आपसांत ठरवतात आणि दर विषयाला बाजू बदलते. आज बोटींवर जे माझ्याबरोबर, ते उद्या पवनचक्क्यांवर माझ्याविरुद्ध. काम बिघडलं तर मतदाराने राग कुणावर काढायचा? आमच्याकडे निदान सत्ताधारी पक्ष नावाची एक उशी असते धोपटायला.

आणि उमेदवारच न मिळणं ही सगळ्यात मोठी अडचण. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या काही वॉर्डांत, त्यांत बेटांवरचेही होते, जागा तेवढेच उमेदवार आले आणि मतदान झालंच नाही. पसंतीच्या मताची एवढी सुंदर यंत्रणा, आणि वापरायला गिऱ्हाईक नाही! पश्चिमेकडच्या बेटांच्या कौन्सिलमध्ये २०१७ ला ३१ च्या ३१ पुरुष निवडून आले होते. एकही बाई नाही. पक्ष असता तर निदान कुणीतरी वरून टोचलं असतं की बायकांना उभं करा. अपक्षांच्या गावात कुणी कुणाला टोचायचं? आपल्याकडे आरक्षणावर कितीही चर्चा करा, सभागृहात बाया बसलेल्या दिसतात. (त्यांच्या जागी त्यांचे यजमान बोलतात तो वेगळा विषय.) भाचीला लोक उभी राहा म्हणतायत त्यामागे हेही असणार. ऑर्कनीत मात्र २०२४ मध्ये कौन्सिलच्या नेतेपदी हीदर वुडब्रिज ही तिशीच्या आतली बाई आली, तीही नॉर्थ आयल्स वॉर्डातूनच.

त्यांच्या आधीचे नेते जेम्स स्टॉकन यांनी २०२३ मध्ये नॉर्वेशी जवळीक वाढवण्यासह वेगवेगळे पर्याय तपासायचा प्रस्ताव मांडला आणि जगभर बातम्या झाल्या की ऑर्कनी ब्रिटन सोडणार. सोडलं काही नाही, पण त्यामागचा किस्सा आपल्याला आवडेल असा आहे. ही बेटं मुळात नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची. १४६८ मध्ये त्याने मुलगी स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, हुंड्याचे पैसे जमेनात, म्हणून ऑर्कनी गहाण ठेवली. पुढच्या वर्षी शेटलंडही. गहाण सुटलंच नाही. लग्नात कबूल केलेलं न दिल्याने अख्खी बेटं गेली, हे मी भाचीच्या आईला मुद्दाम वाचून दाखवलं. तिच्या लग्नातल्या स्कूटरचा विषय आमच्यात अजून निघतो.

आता पैशाचं. प्रचाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे: एक ठरावीक रक्कम आणि वर दर मतदारामागे काही पेन्स. हजार-दोन हजार मतदार म्हटल्यावर सगळं मिळून आमच्याकडच्या एका मोटरसायकल रॅलीच्या पेट्रोलची बरोबरी होईल की नाही, शंका आहे. निवडणूक प्रतिनिधी वेगळा नेमायला नको, उमेदवार स्वतःच स्वतःचा प्रतिनिधी होऊ शकतो. मात्र निकालानंतर ३५ दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलात तरी, शून्य खर्च केला तरी. इथे अपक्ष मार खातात, कारण पक्षाकडे हिशेब ठेवणारा माणूस असतो आणि अपक्षाकडे बुटांचा रिकामा खोका.

निवडून आलं तर मानधन मिळतं, पण किर्कवॉलला, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावी, सभेला जायचं म्हणजे बोट किंवा विमान, आणि हवा बिघडली तर मुक्काम. भाचीला कामाच्या पाळ्या सांभाळून हे कसं जमणार, माझ्या डोक्यात अजून बसत नाही. तिच्या शेजारच्या आजोबांनी तिला वेगळाच सल्ला दिलाय: आधी कम्युनिटी कौन्सिलमध्ये बस. ती खालची पायरी, बिनपगारी, आपल्या ग्रामपंचायतीतल्या पंचासारखी, अधिकार त्याहूनही कमी. पण बैठकीच्या खोलीचा हीटर कोण आधी चालू करतं ते लोक बघतात, आणि दुसरी पसंती तिथेच जमते, असं त्यांचं म्हणणं. मला हा सल्ला पटला. मी थेट वॉर्डात उडी मारली होती. आमच्या गल्लीच्या बाहेर मला ओळखत होतं कोण?

इतकी वर्षं मी समजत होतो की मी पडलो कारण माझ्याकडे पैसा नव्हता. खरं म्हणजे त्या निवडणुकीत बरेच लोक मला म्हणाले होते, "काका, माणूस तुम्ही चांगले, पण मत फुकट जाईल." ते खोटं बोलत नव्हते. एकच बटण होतं, आणि त्या बटणावर फुकट जायची भीती खरीच होती. त्यांच्या हातात आकडे लिहायचा कागद असता तर कितींनी माझ्यापुढे २ लिहिलं असतं, ते आता कळायला मार्ग नाही.

हे सगळं मी भाचीला तासभर फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, अर्जावर माहेरचं आडनाव लिहू की सासरचं?" माहेरची ती भिडे, सासरची वैद्य. अकारविल्हेचं मी दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. इंग्रजीत भिडे बी वर येतात, वैद्य थेट व्ही वर. जावईबापू तिच्या मागेच चहा करत उभे होते, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.